वीज गेली की मिटणारा

चाळीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा होतो.
पितळ कापलं. पितळेचा भुगा
बायकोनं माझ्या सदऱ्यातून झटकला, चपलांतून झटकला,
एकदा तर परातीतल्या पिठातून वेचला.
म्हणून डॉक्टर देसूरकरांनी विचारलं तेव्हा
छाती काढून म्हणालो, व्हॉल्व्हच ना? मी करून देतो.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ त्यांचा दवाखाना.
दाढ धरून बसलेल्या लोकांसमोर
साडेचार फुटांचा समुद्र.
समुद्र म्हणजे राकसकोपचं पाणी गाळून गाळून,
त्यात पोत्यातलं मीठ, काट्यावर मोजून.
खरा समुद्र चोर्ल्याच्या खाली राहतो
आणि घाट चढायची त्याला सवय नाही.

पाणी उडतं, मीठ मागे बसतं.
रोज दोन तांबे गोडं पाणी घातलं नाही
तर मासे लोणच्यासारखे मुरतील.
डॉक्टर लेकीकडे हुबळीला गेले की
ते दोन तांबे कोण घालणार?

मी बसवला पितळेचा.
आरशासारखा घासलेला, थेंबभर गळत नव्हता.
नवव्या दिवशी कोळंबी उताणी.
लाल पाठीवरची पांढरी रेघ वाळूकडे,
लांब मिशा पाण्याबरोबर हलत होत्या, म्हणून
आधी वाटलं, जिवंत आहे.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
औषधं देणारी शिवलीला बोलली,
"तांबं उतरलंय मामा. पितळेत तांबं असतंय की."
असतंय की.
चाळीस वर्षं दुसरं काय कापत होतो?

आता महांतेशच्या दुकानात, काउंटरवर तीन डबे.
एक मोटरवर फिरणारा. करंट गेला
तर असेल तिथंच थांबतो, अर्धा उघडा,
भांडणातनं मध्येच उठून गेलेल्या माणसासारखा.
एक करंट गेला की उघडणारा.
कुठं आग विझवायची असेल तिथं तो शहाणा.
तिसरा दिसायला अगदीच गरीब, सगळा प्लास्टिकचा,
पोटात झाकलेली स्प्रिंग.
करंट असेतो तोंड उघडं. गेला की मिटला.

महांतेश विचारतो, "करंट होतु अंद्र?"
कानडीत होतु म्हणजे गेलं.
आमच्यात होतं म्हणजे असायचं.
दोन्हीकडून हिशेब एकच,
आत्ता नाही.

तिसरा घेतला. घरी बादलीवर बांधला.
प्लग लावला, काढला. टक्.
लावला, काढला. टक्.
बायको म्हणाली, "काय करूलास रे रात्रीचं?"
ऐकूलालोय, म्हटलं.
साठ वेळा ऐकला आणि तरीही भरवसा बसेना.
एक कण पुरतो. जिभेवर ठेवला तर चवही कळणार नाही
एवढा मिठाचा कण ओठात अडकला
की मिटलेलं तोंडही मिटलेलं नसतं.

म्हणून त्याच्यापुढे एक तरंगता फुगा बसवला,
संडासाच्या टाकीत असतो तसला, विजेशी संबंध नसलेला.
डॉक्टर म्हणाले, सरळ नळालाच जोडू ना, कटकट मिटेल.
नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाला नाही म्हटलं.
वीस लिटरचा कॅन, बस्स.
स्प्रिंग फसली, फुगा फसला,
मीही फसलो असेन कुठंतरी,
तरी फरशीवर वीस लिटरच.
एक फडकं, एक बादली, शिवलीलाच्या चार शिव्या.

काल संध्याकाळी हेस्कॉमनं दिवे घालवले.
दाढवाले अंधारात गप्प झाले.
मी कान देऊन होतो.
टक्.
कुणाला काही कळलं नाही.

नवी कोळंबी अजून आणलेली नाही.
डॉक्टर म्हणतात, आणू. मी म्हणतो, थांबा थोडं.
पाण्यात हात घालायच्या आधी मी तीनदा धुतो,
साबण लावून, मग साबणही धुऊन.
नखांच्या कडेला
अजून पिवळं आहे.